तारमास्तरांचं खातं

नगरजवळच्या केडगावात मास्तरांच्या वरच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून राहायला गेले, तेव्हा त्यांनी मला घराचे नियम सांगितले ते असे : "पाणी सकाळी सहा. फाटक रात्री दहा. भाडं एक तारीख. पाहुणे कळवून." मग ते जरा थांबले, उजव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजली आणि म्हणाले, "अकरा झाले. एक कमी करता आला असता."

मला काही कळलं नाही. मावशी, म्हणजे त्यांची बायको, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांचं असंच हाय बाई. तीस वर्सं तारा पाठवल्या. बोलायला पैसं पडत्यात असं वाटतं त्यांना अजून."

मास्तर तार ऑफिसात होते. कड-कट्ट ऐकून अक्षरं उतरवून घेणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतले. काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा अंधारत गेला, तशी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मी राहायला गेले तेव्हा त्यांना ऊन आणि सावली एवढंच कळायचं. तरी अंगात पांढराशुभ्र पूर्ण बाह्यांचा सदरा, खिशाला पेन, आणि बाहेर पडताना हातात छत्री, बारा महिने. पांढरी काठी का घेत नाही असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "काठी घेतली की लोक हात धरतात. छत्री घेतली की वाट सोडतात."

जेवताना त्यांना काही हवं असेल तर ते बोलायचे नाहीत. ताटाच्या कडेवर बोटाने टकटक करायचे. मावशींना एवढ्या वर्षांत दोनच खुणा पाठ झाल्या होत्या : भाकरी वाढ आणि मीठ कमी आहे. तिसरी कुठली खूण आली की त्या म्हणायच्या, "तोंड वापरा."

मी मूळची पारनेर तालुक्यातली. घरी शेती. संगणकाची पदविका घेऊन नगरच्या एका सहकारी बँकेत संगणक विभागात लागले होते. विभाग म्हणजे मी, एक थंड ठेवलेली खोली आणि बँकेचं मुख्य मशीन. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची ही गोष्ट. नोकरी नवी होती आणि घरी मी एकटीच पगार आणणारी, त्यामुळे बँकेत मी मान खाली घालून काम करायची.

मास्तरांची दुसरी ओळख म्हणजे त्यांचा स्क्रूड्रायव्हर. जी वस्तू उघडता येत नाही ती त्यांना घरात चालायची नाही. नवा मिक्सर आणला तर आधी तो खोलून, प्रत्येक भाग बोटांनी चाचपून परत बसवायचा, मगच मावशींनी चटणी वाटायची. त्यांनी एक घड्याळ दुकानदाराला परत केलं होतं, कारण त्याचं मागचं झाकण चिकटवलेलं होतं. दुकानदार म्हणाला, मास्तर, घड्याळ चालतंय ना. मास्तर म्हणाले, "बंद पडेल तेव्हा काय करू?"

तारेविषयी ते फारसं सांगायचे नाहीत. कोणाची लग्नं, कोणाची मरणं, कोणाच्या बदल्या त्यांच्या कानांवरून गेल्या असतील, पण त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मावशींनीच मला एकदा एक प्रसंग सांगितला. त्यांचा भाऊ नांदेडकडे नोकरीला होता. तो अचानक वारला. त्याची तार मावशींच्या नावाने नगरला आली आणि ती उतरवून घेतली मास्तरांनीच.

"त्यांनी काय करावं?" मावशी सांगत होत्या. "तार लिहिली, पाकिटात घातली, शिपायाच्या हातात दिली. रजा टाकली. आन् शिपायाच्या बराबर चालत घरी आले. दोघं दारात उभे. मी म्हनलं, तुमी ह्या वक्ताला कसं काय? तर म्हनले, आधी सही कर. मी सही केली, पाकीट फोडलं, वाचलं. तवा माझ्या शेजारी खाली बसले. लई भांडले मी त्या वेळेला. म्हनलं, तुमाला ठावं हुतं तर तुमी का न्हाई सांगितलं."

"मग?"

"मग काय. म्हनले, कागद तुझ्या नावाचा होता." मावशींनी पदराने चष्मा पुसला. "आता वाटतं, बराबर हुतं त्यांचं. माझा भाऊ गेल्याचं पयलं मी वाचलं. गावानं न्हाई."

संगणकाचा विषय घरात माझ्यामुळे आला. एका संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "तुझ्या बँकेचं मशीन माणसाशी कशात बोलतं?"

मी म्हटलं, "अक्षरांत. काळा पडदा असतो, त्यावर अक्षरं येतात."

"अक्षरं एकामागून एक येतात?"

"हो."

त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागली. महिन्याभरात त्यांनी निवृत्तीच्या पैशातून एक जुना संगणक विकत घेतला. पहिल्याच दिवशी त्याची पेटी उघडून आतलं सगळं हाताने पाहून घेतलं. पण दुकानदाराने त्यावर विंडोज घालून दिलं होतं आणि त्यात सगळी चित्रंच चित्रं. मास्तरांनी दोन दिवस कळफलकाशी झटापट केली आणि म्हणाले, "चित्राला आवाज नसतो." अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारं परदेशी सॉफ्टवेअर मिळत होतं, त्याची किंमत मी चौकशी करून आणली. ती संगणकापेक्षा जास्त होती.

त्या सुमारास माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर मी एक संगणकाचं मासिक घेतलं. त्याच्याबरोबर एक सीडी फुकट होती. तिच्यावर लिनक्स होतं. मी मास्तरांना सांगितलं, हे बँकेच्या मशीनच्या जातीचं आहे, काळा पडदा आणि अक्षरं, आणि ह्याच्या आतलं सगळं लिहिलेलं आपल्याला वाचता येतं, बदलताही येतं.

"सगळं म्हणजे?"

"ओळ न् ओळ."

"झाकण चिकटवलेलं नाही?"

"नाही."

"आणि पैसे?"

"मासिकाचे दिले तेवढेच."

मास्तरांनी सीडी हातात घेऊन तिच्या कडेने बोट फिरवलं. मग म्हणाले, "घाल."

त्या सीडीवर एक खेळण्यासारखा छोटासा प्रोग्रॅम होता. अक्षर दिलं की ते तारेच्या भाषेत, लांब आणि आखूड खुणांनी दाखवायचा. मास्तरांना तो संगणकाच्या पिटुकल्या स्पीकरमधून ऐकायचा होता, आणि पडद्यावर येणारं प्रत्येक अक्षर त्यातून जायला हवं होतं. मी रोज बँकेतून आले की चहा घेऊन त्यांच्यासमोर बसायची आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ मोठ्याने वाचायची. दोन महिन्यांत गंमत अशी झाली की प्रोग्रॅम लिहायला मी शिकलेली, पण चुका तेच काढू लागले. "कंस उघडलास. बंद केला नाहीस," ते डोळे मिटून सांगायचे, आणि खरंच कंस राहिलेला असायचा. मावशी आत भाजी चिरताना म्हणायच्या, "काय बाई ह्यांची पोथी."

एक गोची मात्र सुटेना. मशीन इतकं भरभर वाजायचं की दोन शब्द एकमेकांना चिकटायचे. मी नगरच्या सायबर कॅफेतून इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या एका गटाला पत्र टाकलं. चार दिवसांनी कुठल्यातरी थंड देशातल्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्याने चार ओळी लिहून पाठवल्या होत्या, त्या घातल्या आणि शब्द सुटे झाले.

मास्तरांनी विचारलं, "त्याला काय द्यायचं?"

"काही नाही. तो घेत नाही."

"मग निदान आभाराचं पाठव. पाच शब्दांत बसव," म्हणाले. मी सहा वापरले. ते त्यांना आवडलं नाही.

अशा रीतीने मास्तरांचं मशीन वाजायला लागलं. शेजारच्यांना वाटायचं ह्यांनी कसलातरी कीटक पाळलाय. मास्तर मात्र त्यावर, मी कॅफेतून फ्लॉपीवर उतरवून आणलेल्या, वर्तमानपत्रातल्या बातम्या ऐकू लागले, पत्रं लिहू लागले, लिहिलेलं स्वतः तपासू लागले. त्यांची हनुवटी थोडी वर आली होती. मला ते दिसत होतं.

बँकेचा प्रसंग त्यानंतरचा. मास्तरांची पेन्शन आमच्याच बँकेत जमा व्हायची. नियम असा होता की अंध खातेदाराने साक्षीदार घेऊन यायचं, आणि मग काउंटरवरचा माणूस शिल्लक वाचून दाखवणार. त्या दिवशी मावशींना ताप होता म्हणून मी मास्तरांबरोबर रांगेत उभी होते. काउंटरवर गर्दी. कारकून माणूस चांगला, पण त्याचा समज असा की ज्याला दिसत नाही त्याला ऐकूही कमी येतं. त्याने मास्तरांच्या खात्यावर किती आहेत, मागच्या महिन्यात किती काढले आणि कोणाच्या नावाने ड्राफ्ट गेला, हे सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, ब्येस हाय की तुमचं."

मास्तर छत्री टेकत बाहेर आले. पायरीवर थांबले आणि म्हणाले, "माझा बाप रेल्वेत गँगमन. अंगठेबहाद्दर. त्याच्या भावाची पत्रं यायची. वाण्याच्या ओट्यावर नेऊन द्यायचा, वाणी वाचायचा. मोठ्याने. सगळे बसलेले. आमच्या घरातलं भांडण गावाला आधी कळायचं, आईला मागून." त्यांना एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "छप्पनच्या दीक्षेनंतर बाप मला म्हणाला, तू शाळेत जा. आपला कागद आपण वाचायचा. मी वाचला, चाळीस वर्षं. आज परत ओट्यावर उभा होतो."

मग ते पायऱ्या उतरले.

योगायोग असा की त्याच वर्षी आमच्या बँकेने घरबसल्या बँक नावाची सोय सुरू केली. पुण्याच्या एका कंपनीने ती करून दिली होती. ग्राहकाला एक फ्लॉपी मिळायची. ती संगणकात घालायची, टेलिफोनला मोडेम जोडायचा, बँकेचा नंबर फिरवायचा, की आपलं खातं आपल्याला पडद्यावर दिसायचं. नगरमध्ये तेव्हा ही मोठी नवलाई होती. दोन-चार डॉक्टर, मार्केट यार्डातले काही व्यापारी यांनी फॉर्म भरले. आणि मास्तरांनी.

फॉर्मवर एक रकाना होता : विंडोजची आवृत्ती. मास्तरांनी मला त्यात लिहायला सांगितलं, "लागू नाही."

फ्लॉपी त्यांच्या मशीनवर अर्थातच चालली नाही. मी कंपनीच्या इंजिनियरला फोन केला. मशीन एकमेकांशी कसं बोलतं तेवढं सांगा, आमच्या बाजूचं आम्ही लिहून घेऊ, असं विचारलं. तो हसला. "मॅडम, लिनक्सवर बँक कोण करतं? अख्ख्या महाराष्ट्रात एक गिऱ्हाईक असेल तुमचं." मी म्हटलं, तोच एक आहे, त्याच्यासाठीच विचारतेय. आतली माहिती ग्राहकाला देता येत नाही असं सांगून त्याने फोन ठेवला.

पण मला एक गोष्ट माहीत होती जी त्या इंजिनियरला महत्त्वाची वाटली नसावी. बँकेचं मुख्य मशीन तर युनिक्सवरच, म्हणजे लिनक्सच्या थोरल्या भावावर, चालत होतं. साध्या अक्षरांत. जामखेड आणि पारनेर शाखा रोज संध्याकाळी टेलिफोनवरून त्यालाच जोडल्या जायच्या. मास्तरांच्या घरचा फोनही त्याच तारांवर होता. फक्त खातं दाखवणारी पर्यायांची एक छोटी यादी, म्हणजे मेन्यू, लिहायची आणि त्यांना एक पासवर्ड द्यायचा, झालं. एका दिवसाचं काम. कोणाला कळलंही नसतं.

मी मास्तरांना तसं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल.

"तुझ्या साहेबांना विचारलंस?"

"नाही. ते नाही म्हणतील."

"मग नको."

"मास्तर, फक्त तुमचंच खातं दिसेल. तुमच्याच पैशाचं."

"मला दार पाहिजे," ते म्हणाले. "भगदाड नको. आणि तुझी नोकरी जाईल." मग थोड्या वेळाने, "अर्ज लिही. संचालक मंडळाला. मी सांगतो."

तो अर्ज पंधरा शब्दांचा होता. मला अजून पाठ आहे. 'माझे खाते मला स्वतः वाचायचे आहे. बँकेचे मशीन बोलते ती भाषा मला येते. परवानगी द्यावी.' शेवटचे दोन शब्द माझे. त्यांच्या मते ते नसते तरी चाललं असतं.

आमचे मॅनेजर साहेब तापले. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तुमचे घरमालक म्हणून हे चाललंय का? उद्या कोणी दुसराच त्यांच्या नावाने फोन लावेल. जबाबदार कोण? तुम्ही?" त्यांची भीती खोटी नव्हती. मी घरी येऊन मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी त्यावरही विचार करून ठेवला होता. म्हणाले, "मी फोन लावायचा. मशीनने ठेवून द्यायचा. आणि नोंदलेल्या नंबरावर उलटा फोन करायचा. दुसरा कोणी असेल तर त्याला लागणारच नाही. आम्ही तारेत संशय आला की असंच करायचो." मोडेममध्ये ही सोय होती, मला सुचली नव्हती. साहेबांना ती सांगितली तेव्हा ते थोडे नरमले. पण मंडळासमोर तुमचे तुम्ही बोला, मी शिफारस करणार नाही, म्हणाले.

मंडळाच्या बैठकीला मास्तरांचा संगणक आम्ही रिक्षातून नेला. मावशी मांडीवर पडदा घेऊन बसल्या होत्या, बाळ घ्यावं तशा. नोकरी सुटली तर घरी काय सांगायचं, हेच माझ्या डोक्यात.

टेबलाभोवती नऊ-दहा संचालक, कडेला आमचे मॅनेजर साहेब, आणि मधोमध चेअरमन. ते राहुरीकडचे बागाईतदार, वयाने मास्तरांहून थोरले, कमी बोलणारे. मी यंत्र सुरू केलं. ते वाजू लागल्यावर संचालक एकमेकांकडे पाहायला लागले. एक जण म्हणाला, "ह्याच्यातून ह्यांना काय कळतंय, आपल्याला काय ठावं? पाठ करून आले असतील."

"मग तुम्ही लिहा," मास्तर म्हणाले. "पडदा बंद करा. कोणीही लिहा."

मी पडद्याची वायर काढली. चेअरमन उठले. कळफलकासमोर बसून एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी, असं त्यांनी काहीतरी लिहिलं. एकेक अक्षर शोधायला त्यांना वेळ लागत होता. ते कळफलकावर खूप वाकले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बटन दाबलं आणि मशीन वाजलं. मला तेव्हा सुट्या अक्षरांपलीकडे काही कळायचं नाही.

मास्तरांनी मान तिरकी करून ऐकलं. ऐकून झाल्यावर खुर्चीत सरळ बसले.

"सांगा की काय लिहिलं," तो संचालक म्हणाला.

"सांगणार नाही."

खोलीत हसू फुटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं, संपलं.

मास्तर उठले, छत्रीने टेबलाची कड चाचपत चेअरमनांच्या खुर्चीपाशी गेले, वाकले आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. दोनच क्षण. मग सरळ उभे राहिले.

चेअरमनांचा चेहरा बदललेला सगळ्यांना दिसला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावरून फिरवला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर."

"पण लिहिलं काय होतं?" कोणीतरी विचारलं.

"ते माझं मी लिहिलं हुतं. ह्यांनी वाचलं आन् तुमाला सांगितलं न्हाई. आपल्या काउंटरवर हे हुतंय का?" चेअरमन मॅनेजर साहेबांकडे वळले. "आपुन लोकांची खाती वरडून सांगतो. ह्यांना हे करून द्या. आन् साक्षीदाराचं काय ते बी बघा."

काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. मी मास्तरांना एकदाच विचारलं, परत येताना रिक्षात. त्यांनी पावसापाण्याचा विषय काढला. ते कधी हवापाण्यावर बोलत नसत, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

दहा दिवसांत काम झालं. मास्तरांचं खातं फोनवरून उघडायचं तो पहिला दिवस रविवार होता. त्यांनी सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. नंबर फिरवला. बँकेच्या मशीनने फोन ठेवला, पुन्हा घंटी वाजली, मोडेमने खरखर केली आणि मग ती बारीक पीं-पीं सुरू झाली. मास्तरांनी आपलं खातं ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग जानेवारीपासूनच्या सगळ्या नोंदी मागे जाऊन एकेक ऐकल्या, त्यात चहा गार झाला.

मावशी म्हणाल्या, "माझ्यापासून काय लपवायचं हुतं एवढं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "सांगायचं की नाही, ते मी ठरवायचं होतं." आणि त्यांनी शिल्लक सांगितली, पैशासकट. मावशींनी ती ऐकून गॅस सिलिंडर नोंदवायला हरकत नाही असं ठरवलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. एक दिवस मास्तरांकडे जामखेडहून एक बाई आल्या. तिथल्या शाळेत गाणं शिकवायच्या. जन्मापासून दिसत नव्हतं. एकट्या एसटीने आल्या होत्या आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारला, "मला किती दिवसांत येईल?"

"मला सहा महिने लागले होते," मास्तर म्हणाले.

बाईंना पाच आठवडे लागले. दर रविवारी यायच्या. मास्तर टकटक करायचे आणि बाई मांडीवर ताल धरायच्या. "हे तर बोलच आहेत, मास्तर," त्या म्हणायच्या. "तबल्यासारखे." मावशी त्यांना जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत, आणि जेवताना दोघंही ताटावर टकटक करत बोलायला लागले तेव्हा मावशींनी दोघांनाही दटावलं.

बँकेत त्या वर्षी जुनी मशीन भंगारात निघाली होती. चेअरमनांनी त्यातलं एक बाईंना द्यायला लावलं. विंडोज त्यावर चढलं नसतं, इतकं ते म्हातारं होतं. लिनक्स चढलं. मी जामखेड शाखेच्या मशीनवरही तीच यादी बसवली. या वेळी साहेबांनी स्वतः सही केली आणि वर मला म्हणाले, "पारनेरलाही करून ठेवा. कोणी मागितलं तर आपली धावपळ नको."

बाईंचा बँकेला पहिला फोन लागला त्या दिवशी मी रजा घेतली होती, आणि मास्तर सकाळपासून केडगावात आपल्या फोनशेजारी बसून होते. अकराच्या सुमारास घंटी वाजली. बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतक्या त्या तारस्वरात होत्या.

"मास्तर, माझ्या मुदत ठेवीचं व्याज दोन तिमाह्या जमाच झालेलं नाही. मी चार वेळा ऐकलं. दर वेळी मी विचारायचे तेव्हा बरोबर आहे, बरोबर आहे म्हणून सांगायचे मला. मी आत्ता निघाले शाखेत."

फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "अवो, एकली बाई. तुमी जा की पुढच्या गाडीनं. दोन सबूद बोला म्यानेजराशी."

मास्तर हलले नाहीत. "ती बोलेल," म्हणाले.

ते खुर्चीत मागे रेलून बसले. त्यांना असं निवांत बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. दुपारभर त्यांनी मशीनही सुरू केलं नाही.

मंगळवारी जामखेड शाखेचा तक्ता माझ्याकडे आला. दुरुस्तीच्या नोंदी मला तपासाव्या लागत. त्यात बाईंचं खातं होतं. दोन तिमाह्यांचं व्याज जमा केलं होतं, आणि शेऱ्याच्या रकान्यात तिथल्या कारकुनाने, काही विचार न करता, नेहमीच्या सवयीने लिहिलं होतं : 'खातेदाराने स्वतः पाहून चूक निदर्शनास आणली.'

दुसऱ्याच्या खात्यातलं घरी सांगायचं नाही एवढं मी मास्तरांकडून शिकले होते. म्हणून आधी बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा, सांगा, मास्तरांना तर सांगाच." संध्याकाळी मी ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं.

"परत वाच," ते म्हणाले.

मी वाचलं.

"'पाहून' असं लिहिलंय?"

"हो. कारकुनाच्या लक्षात आलं नसेल. उद्या फोन करून दुरुस्त करायला सांगते."

मास्तर हसले, आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीला पुसलं.

"नको," ते म्हणाले. "तसंच राहू दे. त्याने बरोबर लिहिलंय."